नाण्याच्या मशीनमधला गेम घरच्या टीव्हीवर येतो तेव्हा

इंदूरमध्ये माझ्या वयाच्या कुणाकडेही जुन्या व्हिडिओ गेमचा विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला, एका जुन्या मारामारीच्या गेममधल्या नायकाचा: "त्यात मुस्तफा आहे का?" प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच, सगळ्यांवर आज जुन्या आर्केड गेमचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनमधल्या गेमचे, संग्रह मिळतात. एकेका संग्रहात सात, बारा, कधी बत्तीस गेम. राजेंद्रनगरात बहिणीकडे असा एक संग्रह आला आणि भाच्याने, अथर्वने, पहिल्याच संध्याकाळी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. मामा, ही माणसं इतकी जाडी का दिसतात? मी बटण दाबतो आणि हा उशिरा का मारतो? नाणं कुठून टाकायचं? प्रश्न साधे होते, पण उत्तरं नीट द्यायची तर आधी त्या मशीनच्या आत डोकवावं लागतं.

आर्केड मशीनचे तीन भाग धरा: बोर्ड, पडदा आणि जॉयस्टिक. संग्रहातून यातला फक्त बोर्ड तुमच्या घरी येतो, आणि आता तो फार उत्तम येतो. पडदा आणि जॉयस्टिक मात्र तुमचीच असतात. "जुना गेम होता तसा वाटत नाही" अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा या दोन गोष्टींतच सापडतं.

बोर्ड म्हणजे काय

नव्वदीच्या दशकात राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत गेमची जी दुकानं होती, तिथे अधूनमधून एक गोष्ट घडायची. लाकडी खोकं तेच, पडदा तोच, पण आज आत गेम वेगळा. दुकानदार मशीन बदलत नसे, आतला बोर्ड बदलत असे. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये जोडणीची एक पद्धत ठरवून दिली होती. तिचं नाव जॅमा. ५६ पिनांची एक पट्टी, आणि वीज, चित्र, आवाज, जॉयस्टिक, बटणं, नाण्याची खाच असं सगळं त्या एका पट्टीतून जायचं. जुना बोर्ड उपटायचा, नवा खोचायचा, झालं. 'स्ट्रीट फायटर २' या लढाईच्या गेमला सहा बटणं लागतात आणि जॅमात तेवढी मावत नाहीत, म्हणून लाथांच्या बटणांसाठी एक जास्तीची तार वेगळी जोडावी लागायची.

आता असा एक बोर्ड जवळून पाहू. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८८ मध्ये सीपीएस-१ नावाचा बोर्ड आणला. 'फायनल फाइट', 'स्ट्रीट फायटर २' याच घराण्यातले. त्यात मोटोरोला ६८००० हा मुख्य प्रोसेसर, वेग १० मेगाहर्ट्झ. आवाज सांभाळायला झेड-८० हा वेगळा प्रोसेसर, त्याच्या जोडीला यामाहाची संगीत बनवणारी चिप, आणि ठोसे, किंकाळ्या, "हाडोकेन" असे नमुने वाजवणारी ओकीची चिप. चित्रं पडद्यावर मांडायला कॅपकॉमच्या स्वतःच्या खास चिपा. आणि बाकीच्या जागेत ओळीने बसवलेल्या रॉम चिपा, ज्यांत प्रोग्राम, चित्रं आणि आवाज कायमचे कोरलेले. 'स्ट्रीट फायटर २'मधल्या चित्रांचा सगळा साठा ४८ मेगाबिटांचा, म्हणजे ६ मेगाबाइट. आज फोनवर काढलेला एखादा फोटोसुद्धा त्याहून जड असतो. पण १९९१ मध्ये घरच्या कुठल्याही साध्या गेममशीनला एवढं पेलवत नव्हतं.

म्हणूनच त्या काळी घरी यायची ती नक्कल, म्हणजे दुसऱ्या मशीनसाठी सगळं नव्याने लिहून काढलेलं. 'फायनल फाइट'चं उदाहरण बोलकं आहे. १९८९ च्या आर्केडमध्ये तीन नायक होते आणि दोघांना एकत्र खेळता यायचं. सुपर निन्टेन्डो या घरगुती मशीनवर तो आला तेव्हा गाय हा नायकच गायब, एक अख्खा टप्पा गायब, आणि दोघांनी मिळून खेळायची सोय नाही. रस्त्यावर टोळीशी मारामारी करायच्या गेममधून जोडीदारच काढून टाकला, तर उरलं काय? याच्या उलट वाट एसएनके कंपनीने धरली. १९९० मध्ये आलेल्या नीओ जीओच्या घरगुती मशीनमध्ये आर्केडचंच यंत्र होतं आणि गेमही अगदी तेच, पण किंमत अशी की अमेरिकेतसुद्धा ते श्रीमंतांचंच खेळणं ठरलं.

आजचे संग्रह यापेक्षा वेगळ्या मार्गाने जातात. गेम नव्याने लिहीत नाहीत. मूळ रॉम चिपांमधला मजकूर जसाच्या तसा घेतात, आणि त्या बोर्डाचं वागणं हुबेहूब करणारा एक प्रोग्राम कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या घरच्या गेममशीनवर, चालवतात. या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. जुना गेम ६८००० च्या भाषेत बोलतो, कन्सोलचा प्रोसेसर वेगळीच भाषा जाणतो, आणि एम्युलेटर मध्ये दुभाष्या होऊन बसतो. गेमला पत्ताच नसतो की तो आज इंदुरात एका टीव्हीखाली चालतोय. त्याच्या लेखी नाण्याची खाच, बटणं, पडदा सगळं जागच्या जागी आहे.

नुसतं भाषांतर पुरत नाही, वेळही पाळावी लागते

एम्युलेटरचा कस नेमका इथे लागतो, आणि मला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. तायतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये बनवलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. ११-११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी. आत इंटेल ८०८० प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ. एवढ्या ताकदीत ५५ जणांना एकदम हलवणं शक्य नव्हतं, म्हणून प्रोग्राम एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, एकालाच हलवायचा. सेकंदाला ६० फ्रेम. म्हणजे अख्ख्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागणार. निम्मी फौज मारली की तेच पाऊल अर्ध्या सेकंदात. शेवटचा एक उरला की तो दर फ्रेमला हलतो, म्हणजे अक्षरशः सुसाट सुटतो. शत्रू कमी होतील तसा वेग वाढतो आणि छातीत धडधड सुरू होते, तो थरार यंत्राच्या मर्यादेतून आला आणि निशिकादोंनी तो तसाच ठेवला.

आता हाच प्रोग्राम आजच्या प्रोसेसरवर बेलगाम सोडला तर? फौज पहिल्या क्षणापासून सुसाट. म्हणून चांगला एम्युलेटर प्रत्येक सूचनेला मूळ प्रोसेसरचे किती ठोके लागत होते ते मोजतो आणि तेवढीच वेळ घेतो. पडद्यावर गोळ्यांचा पाऊस पडला की मूळ बोर्ड दमून मंद व्हायचा, तो मंदपणासुद्धा त्याला आणावा लागतो. विमानांच्या गेममध्ये मुरलेले खेळाडू नेमक्या त्या मंद क्षणी गोळ्यांच्या फटीतून निसटतात. तो काढून टाकला की गेम वेगळा झाला, नुसता जलद नव्हे.

'स्ट्रीट फायटर २'मध्ये तर वेळेच्या एका सैल जागेतून अख्खी परंपरा जन्मली. एक ठोसा लागल्यावर समोरचा सावरण्याआधी दुसरा घुसवता येतो, हे निर्माते नोरिताका फुनामिझु यांना गाडी फोडायचा बोनस टप्पा तपासताना दिसलं. असं व्हावं म्हणून कुणी योजलं नव्हतं, पण त्यांनी ते काढून टाकलं नाही. आज ज्याला कॉम्बो म्हणतात आणि ज्यावर लढाईचे सगळे गेम उभे आहेत, ते हेच. ही फट काही फ्रेमची असते. एम्युलेटर एका फ्रेमने चुकला तरी मुरलेल्या बोटांना लगेच कळतं.

चुकांचंही तेच. तोरु इवातानी यांच्या १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये टप्प्यांचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला आहे, आणि बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. २५६ व्या टप्प्याला हिशेब कोलमडतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. खरा एम्युलेटर तिथे पोचल्यावर तोच कचरा दाखवतो. तसा दाखवला नाही, तर आत मूळ प्रोग्राम चालत नाही हे समजावं.

हे ज्ञान जमवण्यात ज्यांनी आयुष्याची वर्षं घातली, त्यांत इटलीचे निकोला साल्मोरिया यांचं नाव आदराने घ्यायला हवं. त्यांनी १९९७ मध्ये मेम हा प्रकल्प सुरू केला. हजारो बोर्डांचं वागणं टिपून ठेवणं हा त्याचा हेतू, आणि जगभरची माणसं त्यात हात घालत गेली. काही चिपांमधला मजकूर सरळ वाचता येत नाही. तेव्हा चिपेवरचं आवरण आम्लाने काढून आतलं सिलिकॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डात प्रोग्राम कुलूपबंद असायचा आणि त्याची किल्ली एका बॅटरीच्या जिवावर टिकायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि बोर्ड कायमचा मुका. ते कुलूप २००७ मध्ये पूर्ण उलगडलं आणि त्यात साल्मोरियाही होते. ही मंडळी नसती तर आज विकायला संग्रहच काय, कित्येक गेमची खूणसुद्धा उरली नसती, असं माझं मत आहे.

बाजारात आणि ऑनलाइन "दहा हजार गेम" म्हणून ज्या एचडीएमआय काड्या मिळतात, त्यांतही एम्युलेटरच असतो. फरक दोन. एक, चिप अशक्त आणि एम्युलेटर जुना, त्यामुळे आवाज फाटतो, संगीत भलत्याच सुरात वाजतं, गेम अडखळतो. दोन, ते गेम परवानगीवाचून भरलेले असतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणक प्रोग्रामलाही साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे, गेम तीस वर्षांचा झाला म्हणून तो सुटत नाही. दहा हजारांत एकच गेम पाच नावांनी असतो ते वेगळंच. बारा गेम नीट चालणारा संग्रह मला त्याहून कितीतरी सरस वाटतो.

माणसं जाडी का दिसतात

अथर्वचा पहिला प्रश्न. सीपीएस-१ चं चित्र ३८४ ठिपके रुंद आणि २२४ ठिपके उंच. भागाकार केला तर रुंदी उंचीच्या सुमारे १.७ पट. पण आर्केडचा पडदा होता ४:३, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३३ पट. पिक्चर ट्यूब ते ३८४ ठिपके तेवढ्याच रुंदीत दाटीवाटीने बसवायची, प्रत्येक ठिपका उभट व्हायचा. चित्रकारांनी हे धरूनच 'स्ट्रीट फायटर २'मधले रियू आणि चुन-ली काढले. मुळात रुंद काढले, कारण पडद्यावर ते दाबले जाणार होते. आजच्या टीव्हीचा ठिपका चौरस. तिथे चित्र "मूळ ठिपक्यांप्रमाणे" लावलं तर माणूस २८ टक्क्यांहून जास्त रुंद दिसतो, आणि टीव्हीभर ताणलं तर ३३ टक्के. म्हणून संग्रहाच्या मेनूत चित्राचा आकार ४:३ ठेवा, आणि टीव्हीच्या रिमोटवरचा "झूम" किंवा "वाइड" बंद करा. १०८० ओळींच्या टीव्हीवर चित्र १४४० ठिपके रुंद होईल आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपके रिकामे राहतील. घरात कुणीतरी "अर्धा टीव्ही वाया गेला" म्हणणारच. तो वाया गेलेला नाही, तेवढी जागा गेमची नव्हतीच.

'पॅक-मॅन', 'गॅलगा', '१९४३' यांचा पडदा तर उभा असायचा. आडव्या टीव्हीवर ते मधल्या पट्टीत दिसतात. ते तसंच बरोबर आहे.

दुसरी गोष्ट, ओळींची. २२४ ओळी १०८० मध्ये पसरायच्या तर एकेका ओळीच्या वाट्याला ४.८ ओळी येतात. अशी अपूर्णांकातली ओळ टीव्हीला काढता येत नाही, म्हणून काही ओळी ४ ठिपक्यांच्या, काही ५ च्या. पडदा वर-खाली सरकला की चित्र लाटेसारखं थरथरतं. यावर उपाय म्हणजे मेनूतला पूर्णांकी आकार: बरोब्बर ४ पट, ८९६ ओळी, वर-खाली थोडी काळी पट्टी. ४के टीव्हीवर ९ पट करून २०१६ ओळी होतात, म्हणजे टीव्ही जवळजवळ भरतो.

आणि मग ते आडव्या काळ्या रेघांचं फिल्टर. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये दोन ओळींच्या मध्ये बारीक अंधार असायचा आणि रंग एकमेकांत थोडे मिसळायचे. चित्रकार तेही धरून चालत. दोन ठिपके शेजारी ठेवले की मधली तिसरी छटा आपोआप दिसायची. फिल्टर ते पुन्हा आणायचा प्रयत्न करतं. माझा अनुभव असा: ४के टीव्हीवर फिल्टर हलकंसं लावलं तर चेहऱ्यांना खरोखर गोलाई येते. लहान १०८० च्या टीव्हीवर मात्र त्या रेघा वेड्यावाकड्या पडतात, तिथे बंदच ठेवा.

पडद्याच्या वेगाचीही एक गोम आहे. आपण सरसकट सेकंदाला ६० फ्रेम म्हणतो, पण प्रत्येक बोर्डाची चाल वेगळी. सीपीएस-१ ची ५९.६, 'पॅक-मॅन'ची ६०.६, इथवर फरक जाणवत नाही. 'मॉर्टल कॉम्बॅट'ची मात्र ५४.७. टीव्ही ६० वर अडून बसला तर दोनच वाटा: गेम जवळजवळ दहा टक्के जलद चालवा, किंवा मधूनमधून एक फ्रेम दोनदा दाखवून सरकणं खडबडीत होऊ द्या. ज्या टीव्हीत व्हीआरआर आहे तो स्वतः गेमच्या चालीने चालतो. हॅम्स्टर कंपनीने २०२५ मध्ये 'आर्केड आर्काइव्ह्ज २' ही जुन्या आर्केड गेमची मालिका सुरू केली, त्यात ही सोय दिली आहे. आपण भारतात वाढलो त्या टीव्हीची पद्धत पाल, सेकंदाला ५० चित्रं. जुने गेम आत भरूनच विकलेल्या २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या मशीनमध्ये काही गेम त्याच ५० च्या आवृत्तीतले भरले होते आणि ते मंद चालतात म्हणून लोक रागावले. राग योग्य होता.

बटण दाबलं, हात उशिरा उठला

हा प्रश्न मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण यात पोरं स्वतःलाच दोष देतात. अथर्व म्हणाला, "मामा, मला जमतच नाही." त्याला जमत होतं. टीव्ही त्याला फसवत होता.

पिक्चर ट्यूब चित्र येताक्षणी दाखवायची. आजचा टीव्ही आधी ते थांबवून ठेवतो, डाग काढतो, कडा उजळतो, दोन फ्रेमच्या मधली तिसरी फ्रेम स्वतः बनवतो, आणि मग दाखवतो. मालिका आणि क्रिकेटला हे चालतं. गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, आणि या सजावटीत अशा कित्येक फ्रेम सहज जातात. शत्रूचा ठोसा तुम्हाला दिसला तेव्हा गेमच्या हिशेबाने तो लागूनही गेलेला असतो.

उपाय रिमोटवर आहे. पिक्चर मोडमध्ये जाऊन "गेम" निवडा. ही निवड बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय खाचेला वेगळी असते, त्यामुळे सेट-टॉप बॉक्स एकीकडे आणि कन्सोल दुसरीकडे, आणि मोड नेमका कन्सोलवाल्या खाचेला लागलाय ना ते पाहा. मग आजीच्या मालिकेचे रंगही बिघडत नाहीत. आवाज साउंडबारमधून येत असेल तर तो टीव्हीच्या स्पीकरवर आणून फरक ऐका.

फरक मोजायचाही एक सोपा मार्ग आहे. फोनमध्ये स्लो मोशन असतं, अनेक फोनांत सेकंदाला २४० फ्रेमचं. एकाने फोन असा धरायचा की बटणावरचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही चौकटीत येतील. दुसऱ्याने उडीचं बटण दाबायचं. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, अंगठा दाबला गेल्यापासून नायकाचा पाय हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. प्रत्येक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. गेम मोड लावून आणि काढून दोनदा मोजा. थोडा वेळ मूळ गेमलाही लागतो, तो सोडून द्या. दोन मापांतली वजाबाकी म्हणजे टीव्हीच्या सजावटीत वाया जाणारा वेळ. बहिणीकडे आम्ही हे केलं, आणि गेम मोड लागल्यावर अथर्वचा "शोर्युकेन", तो उडी मारून द्यायचा अवघड ठोसा, त्याच संध्याकाळी निघायला लागला. त्याच्या बोटांत काही खोट नव्हती हे त्याला व्हिडिओत डोळ्यांनी दिसलं, हे फार बरं झालं.

जॉयस्टिकबद्दल थोडक्यात. कन्सोलच्या पॅडवर बाण-बटणं वापरा, गोल फिरणारी अंगठ्याची दांडी नको. 'पॅक-मॅन'ची मूळ जॉयस्टिक चारच दिशांची होती. तिरपं दाबलं की वळण चुकतं आणि भूत गाठतं, तेव्हा मेनूत "चार दिशा" असा पर्याय असेल तर घ्या. लढाईच्या गेमची गोडी लागली आणि जमत असेल तर आर्केड स्टिक घ्यावी, घाई नाही.

नाणं, स्विच आणि मागे जाणं

नाणं आता एका बटणात असतं. कुठलं ते संग्रहागणिक बदलतं, थांबा-मेनूत लिहिलेलं असतं. नाणी कितीही. हे सुख आहे आणि अडचणही, कारण एका रुपयाच्या नाण्यावर जी धाकधूक असायची ती राहत नाही. अथर्व आणि मी ठरवून टाकलं की एका बैठकीला प्रत्येकी तीनच नाणी. खेळ लगेच जिवंत झाला.

बोर्डावर छोटे खटके असायचे, डिप स्विच. अवघडपणा, जीव किती, बोनस कधी, हे दुकानदार त्यावर ठरवायचा. नाणी लवकर पडावीत म्हणून तो अवघड करून ठेवू शकत होता. संग्रहांत हेच खटके मेनूत दिलेले असतात. मुलांना शिकवताना सोपं करून द्यायला काहीच हरकत नाही, खटका मूळचाच आहे.

कॅपकॉमच्या २०२१ च्या 'आर्केड स्टेडियम'मध्ये ३२ गेम आहेत आणि त्यात वेळ मागे नेता येते. हे कसं होतं? जुन्या बोर्डाची कामाची सगळी स्मृती काही शे किलोबाइटांची. एम्युलेटर तिची नक्कल थोड्याथोड्या वेळाने साठवत राहतो. तुम्ही मागे गेलात की जुनी नक्कल परत भरतो, आणि गेमला वाटतं की मधलं काही घडलंच नाही. कुठेही खेळ जतन करून दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलणं, तेही याच युक्तीवर चालतं.

मुस्तफा का नाही

आता इंदूरकरांचा प्रश्न. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉम, १९९३. जॅक, हॅना, मेस आणि आपला चपळ मुस्तफा. २०१८ मध्ये कॅपकॉमने मारामारीच्या सात गेमचा संग्रह काढला, त्यात 'फायनल फाइट' आला, 'कॅप्टन कमांडो' आला, 'वॉरियर्स ऑफ फेट' आला, मुस्तफा आला नाही. कारण तंत्राचं मुळीच नाही, बोर्डाचं वागणं केव्हाच उलगडलेलं आहे. अडचण हक्कांची. गेमची पात्रं मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकमधली, आणि नावातली कॅडिलॅक हा जनरल मोटर्सचा ट्रेडमार्क. प्रोग्राम कॅपकॉमचा असला तरी पुन्हा विकायला बाकीच्यांचीही सही लागते. १९९३ ची परवानगी आजही पुरेल असं नाही.

अशा गाठी सुटतच नाहीत असं नाही. कोनामी कंपनीचे निंजा कासवांचे गेम २०२२ मध्ये एका संग्रहात परत आले. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २' २०१३ मध्ये ऑनलाइन दुकानांतून काढून घेतला गेला आणि २०२४ मध्ये परतला, सोबत १९९३ चाच 'द पनिशर'ही घेऊन. यावरून एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा: परक्या पात्रांचा संग्रह आवडला असेल तर फार रेंगाळू नका, करार संपला की तो दुकानातून जातो. विकत घेतलेला सहसा तुमच्या खात्यावर राहतो. आणि घेण्याआधी यादी वाचा, गेमचं नाव तर वाचाच, पण आवृत्ती आर्केडची आहे की घरगुती नकलेची तेही पाहा.

बडोद्याच्या भावाशी खेळायचं तर

अथर्वचा चुलतभाऊ बडोद्याला. दोघांना 'स्ट्रीट फायटर' ऑनलाइन खेळायचा होता. संग्रहाच्या वर्णनात "रोलबॅक" हा शब्द शोधा, मी त्यांना सांगितलं.

समजा, एकाचं बटण दुसऱ्यापर्यंत पोचायला ५० मिलिसेकंद लागले, म्हणजे तीन फ्रेम. जुन्या पद्धतीत दोन्हीकडचा गेम तीन फ्रेम थांबून राहायचा, आणि खेळ चिखलात चालल्यासारखा व्हायचा. २००६ मध्ये टोनी कॅनन यांनी जीजीपीओ ही नवी पद्धत काढली, तीही एम्युलेटरवरचे आर्केड गेम ऑनलाइन नीट खेळता यावेत या तळमळीतून. तिच्यात गेम थांबत नाही. बडोद्याचं बटण अजून आलेलं नाही, तर तो आधीच्या फ्रेमला जे दाबत होता तेच आताही दाबतोय असं धरून पुढे जातो. माणूस सेकंदाला साठ वेळा मन बदलत नाही, त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. चुकलाच, तर एम्युलेटर तीन फ्रेम आधीची साठवलेली नक्कल परत भरतो, खरं बटण घालून त्या तीन फ्रेम पुन्हा चालवतो, आणि हे सगळं पुढची फ्रेम दाखवायच्या आत. १० मेगाहर्ट्झच्या बोर्डाचं काम आजच्या कन्सोलला इतकं हलकं आहे म्हणूनच हे जमतं. वेळ मागे नेणारी जी युक्ती पोरं मजेसाठी वापरतात, तीच इथे कुणाला न दिसता सेकंदाला अनेकदा वापरली जाते. कॅपकॉमच्या २०२२ च्या 'फायटिंग कलेक्शन'मधल्या दहाही गेमना ही सोय आहे.

तिचा एकच शत्रू आहे, अधूनमधून अडखळणारं इंटरनेट. उशीर ठरावीक असेल तर रोलबॅक तो झाकून टाकतो, पण आता २० आणि मग एकदम २०० मिलिसेकंद असं होऊ लागलं की माणसं पडद्यावर उड्या मारताना दिसतात. म्हणून राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅनची तार टाका, भिंतीकडेने नेली तर कुणाच्या पायात येत नाही. बडोद्यालाही तेवढंच करायला सांगा, कारण दोघांपैकी एकाचं वायफाय अडखळलं तरी खेळ दोघांचा बिघडतो.